पळसाच्या पानातले गोचीड

आमच्या घरात चिमटे दोन होते. एक चुलीपाशी असे, तो सगळ्यांचा. दुसरा गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला असे, तो माझा एकटीचा. त्याला कोणी हात लावला की मी घर डोक्यावर घेई. हा दुसरा चिमटा गाईच्या अंगावरचे गोचीड काढायचा. दुपारची भांडी उरकली की पदर खोचायचा, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात घासलेटाचा डबा घ्यायचा आणि गाईच्या पोटाखाली शिरायचं, हा माझा नेम. कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, कासेच्या बाजूला, जिथे म्हणून कातडी मऊ तिथे ही मंडळी तोंड रुतवून बसलेली असत. एकेकाला उपटायचा आणि घासलेटात सोडायचा. त्यात मला जो आनंद होई तो सांगायची आता लाज वाटते. बाकीच्या बायका दुपारी लवंडत, मी शिकार करी.

आमचे हे लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते. घाटात विजेची इंजिनं नुकतीच धावायला लागली होती त्या सुमाराचं मी सांगते आहे. मी पुण्याहून लग्न होऊन रेल्वेच्या चाळीत आले तेव्हा मला दोन गोष्टींची हौस होती, स्वच्छतेची आणि गाईची. त्या दोन्ही एका घरात कशा नांदणार, असं हे विचारत. मी नांदवून दाखवते म्हणाले.

पहिली गाय आणली ती नगरकडच्या कोरड्या मुलखातली. उन्हाळा छान गेला. पावसाळ्यात तिच्या अंगावर गोचीड चढले ते चढलेच, आणि श्रावणात ती तापली. डोळे पिवळे पडले, लघवी कोऱ्या चहासारखी तांबडी व्हायला लागली आणि चौथ्या दिवशी तिने मान टाकली. चाळीतले जुने लोक म्हणाले, बाहेरच्या गाईला इथलं पाणी मानवत नाही. मी म्हटलं पाणी नव्हे, गोचीड. शत्रू कोण ते मी बरोबर ओळखलं होतं, एवढं श्रेय मला द्यायला हरकत नाही. लढाई कशी करायची ते मात्र मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

गाय गेल्यावर मी दोन दिवस जेवले नाही. ह्यांनी जाहीर केलं की आता गवळ्याचंच दूध. मी महिनाभर भांडले. शेवटी हात टेकून हे म्हणाले, "अजून एक. पण हिचं काही झालं तर तिसरी गाय ह्या दारात यायची नाही." मी कबूल केलं. दिवाळीनंतर त्याच मुलखातून दुसरी आली. पांढरीशुभ्र, गाभण, आणि स्वभावाने माझ्यापेक्षा शंभरपट शांत. आता हा पावसाळा तिने काढला पाहिजे, एवढा एकच ध्यास मला लागला.

सुरुवात तर झकास झाली. तिच्या शेपटीला लूत भरली होती. मी गंधक कुटून करंजाच्या तेलात कालवलं आणि रोज चोळलं. पंधरवड्यात खपल्या पडल्या आणि नवे केस आले. त्यानंतर मला जी शिंगं फुटली ती काही विचारू नका. चाळीतल्या कोणाच्या कुत्र्याला खाज सुटली तरी मी न विचारता सल्ला द्यायला हजर.

ह्याच दिवसांत गवतवाल्या मावशी आमच्याकडे यायला लागल्या. डोंगराखालच्या ठाकरवाडीतल्या. रेल्वेच्या बांधाला गवत कापायच्या आणि भारा दारोदार द्यायच्या. चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला, अंगाने काटक, आणि बोलणं असं की समोरच्याने गप्प बसावं. त्यांच्यापाठोपाठ दोन जीव असत. एक त्यांची कबरी गाय, बुटकी, हाडं वर आलेली, आणि दुसरी चार वर्षांची नात. नातीची आई, म्हणजे मावशींची एकुलती एक लेक, दोन वर्षांपूर्वी देवीच्या साथीत गेली होती. मावशी स्वतः लहानपणी त्यातून वाचलेल्या, म्हणून लेकीची सगळी उस्तवार त्यांनीच केली, त्यांना काही झालं नाही. लेक मात्र राहिली नाही. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, भारा उतरवता उतरवता.

माघात देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, सरकारी माणूस चाळीत आला. मी माझ्या तीन वर्षांच्या मुलीला मांडीवर घट्ट धरून तिचा दंड पुढे केला. ती किंचाळली, मी सोडलं नाही. त्या वेळी मावशी दारातच होत्या. त्या माणसाने त्यांच्या नातीकडे बोट केलं मात्र, मावशींनी भारा तिथेच टाकला, नातीला काखोटीला मारलं आणि बांधावरून जी धूम ठोकली ती वाडीपर्यंत. मागाहून मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं.

"अहो मावशी, लेक गेली तरी शहाणपण आलं नाही?" मी बोलून गेले. असं बोलायला नको होतं, पण माझी जीभ कायम माझ्यापुढे चार पावलं.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "बाई, देवीला हून बोलवायचं व्हय घरात? न्हाई जमायचं."

आठव्या दिवशी माझ्या मुलीला ताप आला, दंडाला फोड धरला. टोचलेलं लागलं, आता देवीची भीती नाही, म्हणून मी चाळीत साखर वाटली. मावशींच्याही हातावर ठेवली. त्यांनी ती नातीला दिली.

फाल्गुनात पांढरी व्याली. तांबूस रंगाची कालवड झाली. तिला मी गोठ्याच्या फरशीवरून खाली उतरू दिलं नाही. फरशी रोज फिनेलने धुवायची, कालवडीला कडुनिंबाच्या पाण्याने पुसायचं, आणि दुपारी चिमटा. चैत्र गेला, वैशाख लागला, गोचीड वाढले. मी दिवसाला दोनदा पोटाखाली शिरायला लागले. हे घरी आले की पहिला प्रश्न, "आजची शिकार?"

एक गोष्ट मात्र मला छळत होती. मावशींची कबरी आमच्याच मागच्या पडीत चरायची. तेच गवत, तीच झुडपं. तिला कधी कोणी चिमटा लावला नव्हता, आणि तरी तिच्या अंगावर बारके चार सोडले तर फुगलेला गोचीड कधी दिसत नसे. पांढरीच्या अंगावर एखादा नजरेतून सुटला तर तिसऱ्या दिवशी एरंडाच्या बीएवढा टम्म फुगलेला सापडे, आणि तिची कातडी मात्र गुळगुळीत, जणू काही झालंच नाही. कबरीचं उलटं. तिच्या बरगडीपाशी मी एकदा नीट पाहिलं. बारका गोचीड चावला होता तिथे गांधी उठली होती, तिच्यातून पाणी सुटून खपली धरली होती, आणि त्या खपलीत गोचीड मोहरीएवढाच, चपटा, वाळून चिकटलेला. कबरीने मान वळवून खरखरीत जिभेने दोनदा चाटलं आणि तो खाली पडला.

"मावशी, हिला काय लावता?" मी विचारलं.

"काय बी न्हाई."

"असं कसं? काहीतरी पाला लावत असाल. सांगायचं नसेल तर नका सांगू."

"हिचं रगत त्यास्नी वळखतं, बाई. कातड्याला तोंड लावलं की आतून रगत जागं हुतं. मंग त्यांचं प्वाट भरत न्हाई."

मला ते पटलं नाही. रक्त काय ओळखणार? मला वाटलं ह्या बाईचं काहीतरी गुपित आहे आणि ती मला बनवते आहे.

मग एक दिवस भलतंच घडलं. सकाळी मी कालवडीचे कान आतून बाहेरून तपासले होते, एक गोचीड नव्हता. दुपारी पाहते तर डाव्या कानात पाच. पाचही जवळजवळ, कोणी रांगोळीचे ठिपके ठेवावेत तसे. मी उपटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, उजव्या कानात. मी चक्रावले. तिसऱ्या दिवशी अंगणात पापड वाळत घालायचं सोंग केलं आणि डोळा गोठ्याकडे ठेवला. मावशी भारा टाकून आत गेल्या. मी पाठोपाठ गेले. कमरेची पळसाच्या पानाची पुडी त्यांनी सोडली होती आणि तिच्यातून एकेक जिवंत गोचीड उचलून, अगदी हळुवार हाताने, माझ्या कालवडीच्या कानात लावत होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कधीपासून वेचते आहे, आणि ही बाई पेरते आहे!

"हे काय चालवलंय?"

मावशी दचकल्यासुद्धा नाहीत. "कबरीच्या अंगावरचं हायती. आमच्यात वासरू दुदात हाय तवरच लावत्यात. पाच लावायचं, पुन्हा आठ दिसांनी पाच. तुमी रोज उपटताय, म्हून मला रोज लावावं लागतंय."

"का पण? वैर काय आहे तुमचं माझ्याशी?"

"वैर कशापायी? न्हानपणी चावलं तर थोडं तापतं न् शिकतं. मोठेपणी पयल्यांदा चावलं तर मरतं. तुमची पयली गाय कशापायी गेली?"

पहिल्या गाईचं नाव काढलं आणि माझा तोल गेला. मी अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना जादूटोणा करणारी म्हटलं, पुडी हिसकून डब्यात टाकली आणि पुन्हा ह्या दारात पाऊल ठेवायचं नाही म्हणून सांगितलं. चाळीतल्या बायका पापड सोडून गोळा झाल्या. मावशींनी विळा उचलला, नातीचा हात धरला, कबरीला हाक दिली.

जाता जाता एवढंच म्हणाल्या, "ताप आला तर भिऊ नका. शिकतंय त्याचं रगत. शिकू द्या."

पुढच्या आठवड्यात कालवड तापली. तीन दिवस तिने धड दूध प्यायलं नाही, कान पाडून बसून राहिली. माझा जीव टांगणीला लागला आणि त्या तीन दिवसांत मी मावशींना जेवढे शाप दिले तेवढे सासूलाही कधी दिले नव्हते. चौथ्या दिवशी उठून ती आईला ढुशा द्यायला लागली. मी ते श्रेय कडुनिंबाला दिलं.

पाऊस लागला. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे महिना महिना सूर्य दिसायचा नाही, भिंतींना पाझर फुटायचा, आणि माणसाचाच काय, चुलीचाही स्वभाव ओला व्हायचा. आता गवत दुसऱ्या बाईचं येई, आणि गवताच्या भाऱ्यातून बारीक गोचीड येत ते चिमट्याच्या टोकात धरवत नसत. भाद्रपदात ते व्हायचं तेच झालं. पांढरीने सकाळी वैरणीला तोंड लावलं नाही. अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. दुपारी लघवी पाहिली, तांबडी. तिच्याशेजारी तिची कालवड, तेच गवत, तेच गोचीड, खुशाल रवंथ करत उभी होती.

ती तशी उभी पाहिली आणि मला सगळं कळलं. कानांत पाच पाच ठिपके. तीन दिवसांचा ताप. माझ्या मुलीचा दंड आणि चाळीत वाटलेली साखर. मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. ह्यांनी मात्र काही टोचून बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसलं, त्याने मला जास्तच रडू आलं.

छत्री घेऊन मी निघाले. वाडीला मी त्याआधी कधी गेले नव्हते. बांधावरून, मग भातखाचरांच्या वरवंडीवरून, दोनदा घसरून, छत्री उलटी झालेली, अशा अवतारात मी मावशींच्या झोपडीपुढे उभी राहिले. त्या दारात इरलं दुरुस्त करत बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर खो खो हसल्या.

"बाई, तुमी म्हंजी भातात लावणी करून आल्यावानी दिसताय."

मी हात जोडले. "मावशी, माझं चुकलं. पांढरीला लाल होतंय. काय करू?"

त्यांचं हसू थांबलं. त्या लगेच उठल्या. येताना वाटभर त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "मोठ्या जनावराला औशिद न्हाई. सावली, पानी, पेज. एक तर मरंल, न्हाईतर पक्कं हुईल. माझ्यावानी." आणि स्वतःच्या व्रणांवर बोट ठेवलं.

पाच दिवस आम्ही दोघींनी गाय सांभाळली. नळीने पेज पाजली, अंग पुसलं, गोणपाटं पांघरली. मावशींची नात आणि माझी मुलगी कालवडीशी खेळत. तिसऱ्या दिवशी पांढरीने मान जमिनीला लावली तेव्हा मी तिच्या गळ्याला मिठी मारून लहान पोरीसारखी रडले. मावशींनी मला ओढून बाजूला केलं आणि पेज कोमट करायला पाठवलं. पाचव्या दिवशी पांढरी स्वतःच्या पायांवर उभी राहिली. हाडांचा सापळा उरला होता, दूध पार आटलं होतं, पण उभी राहिली. हे शेडमधून आले, तिला उभी पाहिली आणि तेलकट हातांनीच तिच्या पाठीवर थोपटत राहिले. तिच्या पांढऱ्या पाठीवर हाताचे काळे ठसे उमटले आणि मी पुसले नाहीत.

आश्विनात एकदा मी सवयीने चिमटा घेऊन तिच्याखाली शिरले. कासेच्या बाजूला एक गांधी हाताला लागली. तिच्यावर खपली, खपलीत मोहरीएवढा गोचीड, वाळलेला. तिने पाय उचलून मला बाजूला सारलं आणि स्वतःच जिभेने तो काढला. मी चिमटा खुंटीला टांगला. पुढे तो पापड भाजायला वापरला असं मी कोणाला सांगितलेलं नाही, आता सांगते.

वेदनेने शिकायचं ते वासराने तीन दिवसांत शिकून घेतलं, गाईला पाच दिवस लागले, आणि मला वर्ष लागलं. मावशींना मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "तुमी वाचला न्हवं? मंग झालं."

"मग आता तुमची पाळी," मी म्हटलं. "नातीचं काय?"

मावशींनी तोंड फिरवलं. त्यानंतर माघापर्यंत आमचा हा एकच वाद चालला. मी म्हणे, मावशी, कालवडीच्या कानाला लावलं ते काय, आणि दंडाला टोचतात ते काय, सारखंच. त्या म्हणत, गोचीड ही गोचीड, देवी ही देवी, गोचिडाला कोप न्हाई. खरं सांगायचं तर त्यांना कोपापेक्षा तापाची भीती होती. लेकीचं सगळं तापानेच सुरू झालं होतं.

माघात तो सरकारी माणूस पुन्हा आला. मी मावशींना बोलावलं नव्हतं, आणि तरी त्या नातीला कडेवर घेऊन बांधावर उभ्या होत्या, जवळही येत नव्हत्या आणि जातही नव्हत्या. शेवटी त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं, "दादा, ती लस काडता तरी कशातनं?"

"वासराच्या अंगावरून, मावशी," तो म्हणाला.

"वासराच्या?" मावशी चार पावलं पुढे आल्या. "खरं?"

"खरंच. कालवडीला आधी टोचतात, तिथून काढतात."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग गोठ्यातल्या कालवडीकडे. ती आता चांगली थोराड झाली होती. "आदी सांगायचं की," असं पुटपुटत त्यांनी नातीचा दंड पुढे केला. धरायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी तिला माझ्या मांडीवर बसवलं. मी धरलं.

आठव्या दिवशी, भर दुपारी, मावशी पळत आल्या. डोक्यावर भारा नाही, बरोबर कबरी नाही, कडेवर नात. चेहऱ्यावरचे व्रण पांढरेफटक पडलेले.

"ताप आलाय," एवढंच म्हणाल्या.

मी पोरीच्या कपाळाला हात लावला. तापलं होतं. दंडाची बाही वर केली. फोड धरला होता, अगदी माझ्या मुलीचा धरला होता तसाच. मी मावशींना पायरीवर बसवलं.

"भिऊ नका," मी म्हटलं. "शिकतंय तिचं रगत. शिकू द्या."

मावशींनी वर पाहिलं. "माझंच मला सांगताय व्हय?" म्हणाल्या, आणि हसायला गेल्या ते रडूच लागल्या. मग मी साखरेचा डबा आणला, आणि ह्या वेळी त्यांच्या हातावर ठेवलेली साखर त्यांनी स्वतः खाल्ली.